इसार दिलाय, घरी सांगितलं नाही

वाचकाचं पत्र (थोडं कापून):

मॅडम, माझं वय ३८. साताऱ्यात एमआयडीसीत छोटी शेड आहे. दोन सीएनसी मशीन, तीन पोरं कामाला, जॉबवर्क करतो. वडील इथल्या स्कूटर कारखान्यात असेंब्लीला होते, आता घरीच असतात. दोन मुलं, घराचा हप्ता चालू. गेल्या सप्टेंबरात कासच्या रस्त्याला पुण्याच्या एका ग्रुपच्या गाड्या उभ्या होत्या. तीन बुलेट, दोन जपानी, आणि मधे लाल-रुपेरी इटालियन मोटरसायकल, एमव्ही ऑगस्टा एफ-थ्री ८००. मी अर्धा तास तिथंच. फुलं बघायची राहिलीच. मालकाचा नंबर घेतला. आता तो गाडी विकतोय. २०१७ चं मॉडेल, ९,००० किलोमीटर, साडेअकरा लाख म्हणतोय. मित्र म्हणतात, त्या पैशात जपानी घे, काही कटकट नाही. बायको म्हणते, गच्चीवर खोली होईल. दोघांचं बरोबर आहे, पण डोळे मिटले की तीच दिसते. पैसे बँकेतल्या धंद्याच्या सीसी लिमिटमधून काढीन, दोन पार्ट्यांची बिलं आली की भरून टाकीन. पंचवीस हजार इसार दिलाय. घरी अजून सांगितलं नाही. मला हे असं का होतंय? आणि घेऊ का?

— एक यवतेश्वरकर

अहो यवतेश्वरकर,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं. त्यातली साडेतीन पानं गाडीची. उरलेल्या अर्ध्या पानात घर, शेड, बायको, मुलं, वडील असे सगळे दाटीवाटीनं बसवलेत, आणि इसार पार तळाशी. मी बावीस वर्षं कऱ्हाडला पोरांना मशीन डिझाइन शिकवलं. चुकलेलं रीडिंग पोरं जर्नलमध्ये कुठं लपवतात ते मला चांगलं माहीत आहे. त्या इसाराकडे येतेच. पण आधी तुमचा पहिला प्रश्न घेते, कारण खरं सांगायचं तर तो माझ्याही आवडीचा आहे.

साताऱ्याच्या माणसाला इटालियन गाडीचं वेड लागावं यात तसं नवल काही नाही. तुमच्या वडिलांनी हयातभर काय जोडलं? प्रिया. महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यातून निघालेली ती स्कूटर बजाजच्या घरची, आणि बजाजच्या त्या स्कूटरचं आजोळ म्हणजे इटलीच्या पिआज्जिओची व्हेस्पा. मी स्वतः नोकरीची पहिली सात वर्षं लुनावर काढली. लुना ही पिआज्जिओच्या ‘चाओ’ मोपेडची परवान्यावर काढलेली बहीण, हे मला फार उशिरा कळलं. कळलं त्या दिवशी चढावर पॅडल मारताना मी जरा ताठ बसले होते.

आपल्याकडे आली ती इटलीची कामकरी गाडी. मागं गॅसची टाकी, पुढं पोरगं, मधे बायको. तुम्हाला कासला दिसली ती त्याच देशातल्या हट्टी माणसांची गाडी, आणि ती माणसं जरा समजून घेतलीत तर तुमची झोप का उडाली तेही कळेल.

यांची कुळं बघा. डुकाटी १९२६ साली बोलोन्यात सुरू झाली ती रेडिओचे सुटे भाग करायला. लावेर्दा घराणं १८७३ पासून शेतीची यंत्रं करत होतं, मोटरसायकल त्यांना १९४९ मध्ये सुचली. ऑगस्टा मंडळी विमानं बांधायची. महायुद्ध हरल्यावर इटलीत विमानं बांधायला बंदी आली, तेव्हा मशीनं आणि माणसं रिकामी बसू नयेत म्हणून १९४५ मध्ये एमव्ही ऑगस्टा निघाली. तुम्ही सातारकर आहात, तुम्हाला हे परकं वाटू नये. आपल्या साताऱ्याच्या कूपर कारखान्यानंही लोखंडी नांगरापासूनच डिझेल इंजिनापर्यंत मजल मारली.

पण माझ्या मते सगळ्यात मासलेवाईक गोष्ट बिमोटाची. रिमिनी गावात बिआंकी, मोरी आणि ताम्बुरिनी या तिघांनी १९६६ मध्ये धंदा काढला. त्यांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून बिमोटा. धंदा कसला, तर घरं गरम-थंड ठेवायच्या यंत्रणेचा. डक्टिंग, पाइप, असली कामं. यातले मासिमो ताम्बुरिनी होंडाची सीबी ७५० घेऊन मिसानोच्या ट्रॅकवर गेले आणि जोरात आपटले. माझा धाकटा भाऊ असता तर दवाखान्यातून सुटल्यावर गाडी विकली असती. म्हणजे आम्ही विकायला लावली असती. ताम्बुरिनींनी काय केलं? इंजिन झकास आहे, चासी म्हणजे सांगाडा कमी पडतो, असं ठरवून पाइप वाकवणाऱ्या त्याच हातांनी त्या इंजिनाभोवती स्वतःची चासी बांधली. तीच एचबी-१. होंडाचं एच, बिमोटाचं बी. अशा फक्त दहा निघाल्या. पुढं सुझुकीचं इंजिन घेतलं की एसबी, कावासाकीचं घेतलं की केबी, डुकाटीचं घेतलं की डीबी. इंजिन दुसऱ्याचं, पण अंगकाठी आपली.

याच कंपनीनं १९९० मध्ये ‘तेसी’ काढली. तेसी म्हणजे प्रबंध. पिएरलुइजी मार्कोनी नावाच्या विद्यार्थ्यानं विद्यापीठात ज्या विषयावर प्रबंध लिहिला, तीच गाडी कंपनीनं बाजारात आणली. पुढचं चाक नेहमीच्या फोर्कवर नाही, तर मागच्यासारखंच आडव्या आर्मवर, आणि वळण चाकाच्या मधोमध असलेल्या हबमधूनच घेतलेलं. ब्रेक मारला की साधी गाडी नाक खाली घालते, कारण ब्रेकचा जोर आणि सस्पेन्शन दोन्ही एकाच नळीतून जातात. मार्कोनींनी ते दोन वेगळे केले. मी आयुष्यात काही शे प्रोजेक्ट रिपोर्ट तपासले. स्पायरल बाइंडिंग पुष्कळांना होतं, चाकं एकालाही नव्हती.

आता ‘डेस्मो’ हा शब्द तुम्ही पत्रात तीनदा वापरलाय, जरी तुमच्या एमव्हीत तो नाहीच. ते डुकाटीचं प्रकरण. तरी सांगते, कारण या सगळ्या जातीचा स्वभाव त्यात सापडतो. साध्या इंजिनात कॅम (फिरणारा उंचवटा) व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, उघडतो आणि स्प्रिंग तो मिटवते. स्वस्त, सुटसुटीत. फक्त इंजिन फार वेगानं फिरलं की स्प्रिंग मागं पडते. कॅम पुढं निघून गेला तरी व्हॉल्व्ह अजून हवेतच, अशी गत होते. फाबिओ ताल्योनी हे डुकाटीचे इंजिनिअर. त्यांनी १९५६ च्या रेसिंग गाडीत मिटवायचं कामही कॅमलाच दिलं. एक रॉकर, म्हणजे छोटी तरफ, ढकलून उघडणार, दुसरा खेचून मिटवणार. स्प्रिंगच्या मर्जीचा प्रश्नच संपला. याची किंमत अशी की प्रत्येक व्हॉल्व्हचा गाळा, म्हणजे बारीक फट, दोनदा जुळवायचा, उघडायचा वेगळा, मिटायचा वेगळा. डुकाटी ९१६ ला दोन सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, म्हणजे सोळा जागा. फट मोजायचं फीलर गेज घेऊन बसलेल्या माणसाला जेवायची शुद्ध राहत नाही.

पुढं धातू सुधारले, स्प्रिंगा सुधारल्या, बाकीच्यांची अडचण मिटली. डुकाटीनं डेस्मो सोडला नाही तो नाहीच, कित्येक दशकं. शेवटी २०२० च्या त्यांच्या व्ही-फोर ग्रानतुरिस्मो इंजिनात साधी स्प्रिंग आली आणि व्हॉल्व्ह तपासायचा पल्ला थेट ६०,००० किलोमीटरवर गेला. शहाणपणाचा निर्णय. तो वाचून मला उगाचच वाईट वाटलं होतं.

ती ९१६, १९९४ साली आलेली, तीही ताम्बुरिनींचीच. डक्टवाले तेच. सीटखाली दडवलेले सायलेन्सर, मागचं चाक एकाच बाजूनं धरलेलं, त्यामुळं दुसऱ्या बाजूनं बघितलं तर चाक हवेत लटकल्यासारखं. नंतर त्यांनीच एमव्हीची एफ-फोर केली. तुमची एफ-थ्री त्याच घराण्यातली धाकटी. उजव्या बाजूला एकावर एक निघालेले ते तीन तिरपे सायलेन्सर, त्यांच्यापुढं तुमचा अर्धा तास गेला ना? बरोबर जागी गेला. आत ७९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, १३,००० आरपीएमला १४८ अश्वशक्ती, आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, उलटा फिरणारा. म्हणजे चाकं पुढं फिरतात त्याच्या विरुद्ध दिशेनं. फिरणाऱ्या चाकाला आपली दिशा सोडायची नसते, सायकलचं चाक दोन्ही हातांत धरून फिरवून बघा. क्रँक उलटा फिरला की त्या हट्टातला थोडा हट्ट कापला जातो आणि गाडी वळणात चटकन पडते. रस्त्यावरच्या गाडीत सहसा कोणी एवढा उपद्व्याप करत नाही, कारण त्यासाठी आणखी एक गियर घालावा लागतो. यांनी घातला.

तुम्ही रोज मायक्रॉनमध्ये काम करता. दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर, दुसऱ्याच्या टॉलरन्समध्ये, दुसऱ्यानं पाडून मागितलेल्या रेटमध्ये. ‘एवढं कशाला, चालतंय की’ हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकता? त्या दिवशी कासला तुमच्यापुढं असं एक मशीन उभं होतं ज्याच्या बाबतीत हे वाक्य कोणी ऐकून घेतलेलं दिसत नव्हतं. तुम्हाला हे असं का होतंय, तर माझ्या मते यामुळं. यात वेड काही नाही, आणि सौंदर्य बघून चळलात असंही नाही. कारागिरानं कारागिराला ओळखलं.

हे मला कधी पटलं ते सांगते. माझा धाकटा भाऊ सांगलीत, गावभागात राहतो. त्यानंही अशीच एक इटालियन गाडी जुनी घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, तो वाचतो हे सदर. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा चढायला लागली तेव्हा त्यानं शेजारची पाच पोरं गोळा केली, जिन्यावर फळ्या टाकल्या, दोर बांधला, आणि गाडी पहिल्या मजल्यावर चढवली. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. खाली फ्रीज, वॉशिंग मशीन, शिवणयंत्र, सगळं पाण्यात. फ्रीज हलवायला वेळ होता का, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही.

पाणी ओसरलं, घर धुतलं, आणि गाडी सुरूच होईना. चार्जिंगचा एक हाताएवढा भाग गेला होता. तो यायला अकरा आठवडे लागले. तेवढे दिवस ती गाडी त्यांच्या झोपायच्या खोलीत, खिडकीला टेकून. भावजय तिच्या हँडलवर पोरांचे ओले युनिफॉर्म वाळत घालायची, मुद्दाम. त्या दिवाळीत मी तिथं राहिले होते. रात्री दोनला उठले तर खोलीत दिवा. गाडीचं एक कव्हर काढून हा फरशीवर बसलेला, हातात पाना नाही, काही नाही. म्हणाला, “ताई, चष्मा घालून ये.” चासीचा सांधा होता. वेल्डिंगचे टाके एकावर एक, एका मापाचे, कुणीतरी हात न थरथरता घातलेले. कव्हर लावलं की ते कुणालाही दिसणार नव्हते. आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो. मागून भावजय म्हणाली, “झालं असेल तर फ्रीजचं बघा.”

तर आता दुसरा प्रश्न. घेऊ का.

हट्टाची दुसरी बाजूही बघा. बिमोटानंच १९९७ मध्ये व्ही-डुए काढली. ५०० सीसीची टू-स्ट्रोक, आणि कार्बुरेटरऐवजी थेट इंधनाचा फवारा मारणारं इंजेक्शन. इंजिन या खेपेला स्वतःचं. कागदावर डोळे दिपतील असं. रस्त्यावर इंजेक्शननं दगा दिला, गाड्या परत घ्याव्या लागल्या आणि थोड्याच वर्षांत कंपनीला कुलूप लागलं. (पुढं पुन्हा उघडली, २०१९ पासून कावासाकीची भागी आहे.) ज्यांनी व्ही-डुए घेतली त्यांनी जगातली एक दुर्मिळ वस्तू घेतली, यात शंका नाही.

तुमच्या एमव्हीची मालकीही बघा. २००८ ला हार्ले-डेव्हिडसननं घेतली, २०१० ला पुन्हा कास्तिल्योनींकडे, पुढं सरदारोव घराणं, मधे केटीएमची भागी, २०२५ मध्ये केटीएम बाहेर आणि परत सरदारोव. भारतात ही गाडी २०१६ मध्ये कायनेटिकनं आणली. ही कोणाची निंदा नव्हे. पण इंजिनाला मालकाचं नाव कळत नसलं तरी सुट्या भागांच्या पार्सलला कळतं. म्हणून पुण्याच्या मालकाला एकच गोष्ट लेखी विचारा: शेवटचा सुटा भाग कोणाकडून मागवला, किती दिवसांत आला, बिल कुठंय. “अजून काही लागलंच नाही” असं उत्तर आलं तर खूश होऊ नका. नऊ हजार किलोमीटरमध्ये काहीच लागलं नाही याचा अर्थ लागण्याची पाळी तुमची. आणि त्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, वाचणारं उपकरण आज पुण्यात कोणाकडे आहे ते स्वतः जाऊन बघा. फोनवर सगळेच हो म्हणतात. विमाही बघून ठेवा. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्यातली किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. ती साडेअकराच्या जवळपास ठरते का ते आधी विचारा.

वापराचं थोडक्यात. ही गाडी पहिल्या गियरमध्येच शंभराच्या पुढं जाते. यवतेश्वरच्या घाटात दुसरा गियर टाकायची पाळी यायची नाही. पोवई नाक्याच्या गर्दीत ती मांड्या भाजणार, स्पीडब्रेकरला खालचं फेअरिंग (बाहेरचं आवरण) जपावं लागणार, आणि मनगटावर भार असा येतो की लिंब फाट्यापासून घरी येईस्तोवर बोटं मुंग्यांनी भरतील. मागची सीट मी फोटोत बघितली. कंदी पेढ्यांचा अर्धा किलोचा बॉक्स बसेल.

मित्र जपानी घे म्हणतात, त्यांचं मी फारसं मनावर घेत नाही. इडलीची इच्छा झालेल्याला पोहे जास्त पचतात असं सांगण्यासारखं आहे ते. त्यापेक्षा मी दुसरंच सुचवते, जरा रागवाल. एप्रिलियाची आरएस ४५७. दोन सिलिंडर, साडेसत्तेचाळीस अश्वशक्ती, नोआलेच्या कंपनीची, आणि बनते कुठं? बारामतीला, पिआज्जिओच्या कारखान्यात. फलटण ओलांडलं की आलीच. किंमत तुमच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. एक दिवस जाऊन चालवून या. चालवताना मजा आली आणि तरीही मन म्हणालं, “पण ही तर कुणाकडेही असते,” तर ते वाक्य नीट ऐका. मग तुम्हाला गाडी किती हवी आहे आणि ‘साताऱ्यात एकच’ हे किती हवं आहे, याचा हिशेब तुमचा तुम्हीच लावाल. दुसऱ्यात पाप काही नाही. माझा भाऊ त्याच जातीचा. फक्त त्यासाठी साडेअकरा लाख मोजताना आपण कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं.

आता बँकेची सीसी.

यवतेश्वरकर, इथं मी बाईमाणूस म्हणून नाही, मास्तरीण म्हणून बोलते. सीसी लिमिट हे बँकेनं तुमच्या मालावर आणि येण्यावर दिलेलं धंद्याचं पाणी आहे. कच्च्या मालाचे बार घ्यायला, टूलिंगला, पोरांच्या पगाराला. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देता ना? त्यात ही गाडी कुठल्या रकान्यात लिहिणार? आणि ‘दोन पार्ट्यांची बिलं आली की’ असं तुम्ही लिहिलंय. मला सांगा, गेल्या वर्षी तुमचं कुठलं बिल सांगितल्या दिवशी आलं? साठ दिवसांचे नव्वद होतात, नव्वदचे “साहेब गावाला गेलेत” होतात. मधेच एखाद्या मशीनचा स्पिंडल, म्हणजे मुख्य फिरता दांडा, गेला तर? गाडीचा भाग यायला अकरा आठवडे लागले तर गाडी खोलीत उभी राहते. स्पिंडलला अकरा आठवडे लागले तर तीन घरांच्या चुली थांबतात.

म्हणून माझं उत्तर: या पैशानं नाही. ही गाडी वाईट म्हणून नाही, बायको म्हणते म्हणूनही नाही. सीसीच्या पैशानं नाही, एवढंच.

आणि घाई कसली आहे? दुर्मिळ गाडी हातची जाईल ही भीती असते, मला समजतं. पण जरा उलट्या बाजूनं बघा. नवी मोठी आयात गाडी आज इतकी महाग का पडते? १६०० सीसीच्या आतल्या तयार आयात गाडीवर सीमाशुल्क २०२५ च्या अर्थसंकल्पात कमी होऊनही ४० टक्के, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ३५० सीसीच्या वरच्या गाडीला जीएसटी ४० टक्के. त्यामुळं जुन्या गाडीचा मालक किंमत चढी सांगतो. पण साडेअकरा लाख रोख देऊन, कटकटीसकट, आठ-नऊ वर्षांची एमव्ही घेणारी माणसं पुणे-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात असून असून किती? त्यानं तुमचा नंबर इतके महिने जपून ठेवला आणि विकायची वेळ आल्यावर फोन तुम्हालाच केला, यावरूनच ओळखा. गरज त्याचीही आहे. शेडच्या नफ्यातून, घरात सांगून, वेगळ्या खात्यावर पैसे टाकायला लागा. वर्ष-दीड वर्षानं हीच गाडी, किंवा हिची बहीण, कमी भावात तुमच्यासमोर उभी असेल. आणि तेव्हा तुम्हाला विकावीशी वाटली तर गिऱ्हाईक शोधायला तुम्हीही असेच फोन करत बसाल, हेही आत्ताच धरून चाला.

राहिला इसार. आज रात्री सांगा. मुलं झोपली की. “एक गाडी बघितली” अशी सुरुवात करू नका, “पंचवीस हजार दिलेत आणि तुला विचारलं नाही” इथून करा. त्या चिडतील. चिडू द्या. गच्चीवरच्या खोलीचा विषय निघेल, तोही होऊ द्या. ती खोली कोणासाठी हवी आहे हे तुमच्या चार पानांत कुठं आलेलं नाही, तुम्ही विचारलंय का तेही नाही. माझ्या भावजयीचा राग गाडीवर कधीच नव्हता. त्या दिवशी पाणी चढत असताना तिला कुणी विचारलं नाही, तो राग आहे.

मग एका रविवारी पुण्याला जा. व्यवहार करायला नाही, मुदत मागायला नाहीतर इसार सोडवून आणायला, जे काय दोघांचं ठरेल ते. जाताना वडिलांना घेऊन जा. मालकाला आदल्या रात्रीपासून गाडी बंद ठेवायला सांगा, आणि तुम्ही पोचायच्या आत इंजिनाला हात लावला तर गार आहे ना, हे वडिलांनाच बघू द्या. असेंब्लीला जन्म काढलेल्या माणसाचा कान इंजिन थंड सुरू होताना जे ऐकतो ते तुमच्या-माझ्या मोबाइलवरच्या व्हिडिओत येत नाही. ते काय म्हणाले ते मला कळवा, गाडी घ्या न घ्या.

आणि हो, त्या पंचवीस हजारांची पावती घेतली होतीत का? पत्रात तसं काही दिसलं नाही.